खैरुन आपाच्या आतला तो

खैरुन आपा सोळा वर्षं माझी शेजारीण होती, पण तिला माझं तोंड ओळखू यायचं नाही. खोटं वाटेल, पण खरं आहे. कुरुंद्याच्या बाजारात एकदा मी तिच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिले, तोंडभर हसले, तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी कोणी रस्ता विचारणारी परकी बाई. मला असा राग आला! रागातच मी तिचा हात धरला, तशी लगेच म्हणाली, "सुमनबाई, तू व्हय? मंग हात द्यायचा न्हाई का आदी?"

ती मनियारीण. आमच्या आणि आजूबाजूच्या पाच-सहा गावांत बायकांना बांगड्या भरायची. दारात आली की ओसरीवर सतरंजी टाकून बसायची, पेटी उघडायची, आणि बाईचा हात हातात घेऊन डोळे मिटायची. आधी नुसतं दाबायची. अंगठ्याचं मूळ, करंगळीकडचं हाड, मनगटाची बोचरी गाठ. मग डोळे न उघडताच पेटीतून माप काढायची, आणि ते माप कधी चुकायचं नाही. बाई कोण आहे, गोरी की काळी, हसते की रडते, याच्याशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. "तोंडाचं काय घेऊन बसलीस," म्हणायची, "तोंड दिवसातून धा बारी बदलतंय."

मी अंगणवाडी सेविका. लेकरांची वजनं घेणं, गरोदर बायांना गोळ्या देणं आणि त्या गोळ्या त्या खातात की उकिरड्यावर टाकतात यावर नजर ठेवणं, हे माझं काम. तोंडाची फटकळ आहे मी, आमचे हेही तेच म्हणतात. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी आपा माझा हात दाबत बसायची तेव्हा मी बडबड थांबवायची. का ते सांगते.

देवराव काकांच्या घरी परभणीकडची सून आली. नवी नवरी, पहिला सण, म्हणून आपाला बोलावलं. मी तिथंच होते. आपानं पोरीचा डावा हात घेतला, डोळे मिटले, आणि थांबली. बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "हा हात मी भरलाय."

पोरगी हसली. "मी तर या गावात पहिल्यांदाच आले, आपा."

"भरलाय. करंगळी आत वळलेली. अंगठ्याखाली खड्डा. पहिलाच हात होता माझा. अम्मीनं माझ्या हातात दिला आन् म्हणाली, भर."

आता आपा साठीची, पोरगी विशीची. सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पोरीनं गंमत म्हणून आईला फोन लावला. आईनं तिकडून सांगितलं की तुझी आजी, म्हणजे माझी आई, त्याच गावची. तिचं लग्न लागलं ते तिथंच, मग सगळे गाव सोडून गेले. पोरीनं हात हळूच ओढून पदराखाली घेतला. आपानं डोळे उघडले आणि विचारलं, "ती हाय का गं?" आजीला जाऊन अकरा वर्षं झाली होती. आपा म्हणाली, "मला तर आता भेटली," आणि बांगड्या भरायला लागली.

तर अशी बाई. आणि चार वर्षांपूर्वी तिच्या स्वतःच्या बांगड्या गळायला लागल्या.

तिच्या हातात कायम दोन-सहा मापाच्या हिरव्या काचेच्या. एक दिवस हात धुताना दोन बांगड्या बादलीत पडल्या. न फुटता, आपोआप. मी भिंतीपलीकडून बघत होते. तिनं त्या उचलून परत घातल्या, हात खाली सोडला, त्या परत पडल्या. तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, डोळे मिटले. मग मला हाक मारली. "सुमनबाई, हा हात माझा न्हाई."

मी तिला अंगणवाडीत नेऊन काट्यावर उभी केली. नऊ किलो कमी! संध्याकाळी अंगाला घाम सुटतो, दोन घास खाल्ले की पोट भरतं, डाव्या बरगडीखाली काहीतरी दगडासारखं लागतं, हे सगळं तिनं तेव्हा सांगितलं. इतके दिवस काहून बोलल्या न्हाईत म्हणून मी तिच्यावर खेकसले. रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी नको तेवढ्या वाढलेल्या. तिथून नांदेड. तिचा लेक अन्वर गॅरेजात काम करायचा, कागद बघितला की घाबरायचा, म्हणून मीही सोबत गेले.

नांदेडच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, "आजी, हा रक्ताचा कॅन्सर आहे, पण याच्यावर रोज एक गोळी आहे. रक्तात जिथं बिघाड झालाय, नेमकी तिथंच ती काम करते. रोज घेतली तर हा झोपून राहतो. चुकवली तर उठतो."

अन्वर रडायला लागला. आपानं एकच विचारलं, "झोपतो म्हंजी मरत न्हाई?"

"झोपलेला राहिला तरी पुष्कळ आहे, आजी. गोळी बंद करायची की नाही ते आम्ही सांगू. तुम्ही ठरवायचं नाही."

परतताना बसमध्ये आपा खिडकीबाहेर बघत बसली. वसमतच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "म्हंजी माझ्यात कोणीतरी हाय." मी म्हटलं, "आपा, कोणी नाही, आजार आहे." ती म्हणाली, "कोणी न्हाई तर झोपतो कसा?"

त्या दिवसापासून ती त्याला 'तो' म्हणायला लागली.

गोळीची वेळ दुपारी साडेबाराची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं मी मोठ्या अक्षरात लिहून तिच्या भिंतीला लावलं होतं, पण तिला वाचायची गरजच पडली नाही, एकदा ऐकलं ते तिच्या डोक्यात बसलं. रिकाम्या पोटी कधी घ्यायची नाही. आधी पोटभर भाकरी, मग मोठा तांब्या भरून पाणी, गोळी अख्खी. चावायची नाही, तोडायची नाही. कोणाचा काढा, कोणाचं चूर्ण, अगदी गुडघेदुखीची गोळीसुद्धा फोन करून विचारल्याशिवाय नाही. पपनस खायचं नाही, त्यानं गोळीचा असर कमी-जास्त होतो. दर आठवड्याला माझ्या काट्यावर वजन, कारण या गोळीनं अंगात पाणी साचतं. लोक म्हणायचे, आपा जरा भरली, तब्येत सुधारली. आपा आपल्याच बांगड्या फिरवून बघायची. फिरल्या नाहीत की मला म्हणायची, "फोन लाव. हे मांस न्हाई, पाणी हाय." दोन वेळा तिचं बरोबर निघालं. डॉक्टरांनी दोन्ही वेळा औषध देऊन पाणी उतरवलं.

इथपर्यंत सगळं शहाण्या माणसासारखं. पण साडेबाराला त्या घरात पाय ठेवून बघावं! रेडिओ बंद. कोंबड्या डाल्याखाली. सून नसरीन भांडी घासत असली तर हात थांबवायची. आपा गोळी गिळायची, भिंतीला पाठ लावून ताठ बसायची, डावा तळवा बरगडीखाली ठेवायची आणि ऐकत राहायची. अर्धा तास. काय ऐकत होती, कोण जाणे. मी एकदा नेमकी त्या वेळी गेले आणि सवयीनं दारातूनच आवाज दिला, तर तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आत्ताच पडलाय."

मी म्हटलं, "आपा, काय लेकरू आहे का ते?"

"लेकरू आस्तं तर उठू दिलं आस्तं," ती म्हणाली.

एका दुपारी गोळी घेतली आणि दहा मिनिटांत तिला उलटी झाली. नसरीन घाबरून दुसरी गोळी सोलायला लागली. मी म्हटलं थांब बाई, आणि दवाखान्यात फोन लावला. तिथल्या औषधवाल्यानं सांगितलं, दुसरी अजिबात देऊ नका, उद्याची उद्याच, उलटी रोज व्हायला लागली तर घेऊन या. झालं. एवढंच. पण आपा त्या दिवशी जागची हलली नाही. उन्हं उतरली तरी भिंतीला टेकून, तळवा बरगडीवर. मी चहा घेऊन गेले. डोळे न उघडता म्हणाली, "कूस बदलतोय." मी कप खाली ठेवला आणि घरी आले. भुताखेतांवर विश्वास नाही म्हणणारी मी, त्या दिवशी माझ्या घरातही पावलं न वाजवता चालले.

दुसऱ्या वर्षी तिचे हात पांढरे पडायला लागले.

आपाचा रंग चांगला काळा. आधी बोटांची पेरं उजळली, मग पंजा, मग मनगट. काही महिन्यांत असं झालं की तोंड एका बाईचं आणि हात दुसऱ्याच बाईचे. त्यात सकाळी डोळ्यांच्या खाली सूज. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळीनं कातडीचा रंग उतरतो कधीकधी, दुखत नाही ना, मग काळजी करायची नाही, उन्हात जपायचं, आणि या कारणासाठी गोळी सोडायची नाही. मला पटलं. पण गावाला कोण पटवणार? सगळ्यात आधी देवराव काकांची ती सून म्हणाली, "ते हात आपाचे नाहीत." एवढंच म्हणाली, पण तेवढं पुरलं. बाया म्हणायला लागल्या, बांगड्या भरताना तिचा हात थंड लागतो. एकीनं लेकीच्या लग्नाचा हिरवा चुडा भरायला कुरुंद्याहून दुसरा कासार बोलावला. आपा तयारी करून, पेटी पुढ्यात घेऊन दारात बसली होती. वाजंत्री सुरू झाली तरी बोलावणं आलं नाही. मी शेजारी जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं.

"तोंड बदललं आस्तं तर मला समजलंबी नसतं," आपा म्हणाली. "हात काहून बदलून राहिले गं?"

नसरीन हे सगळं घरातून ऐकत होती. पोरगी जीव लावणारी, पण जीव लावणाऱ्यांच्याच हातून चुका होतात आणि त्या निस्तरताना माझ्यासारखीच्या नाकीनऊ येतात. तिचं माहेर औंढ्याचं. तिच्या आईनं सांगितलं, गोळी गरम पडती, म्हणून कातडी जळती. उन्हाळा लागला की अर्धी द्यावी. आता हे काही तिच्या आईनंच काढलेलं नाही. आमच्याकडं मार्च उजाडला की अख्खा जिल्हा गोळ्या अर्ध्या करतो. मी गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या देते, त्या मला तोंडावर सांगतात, "ताई, गरम पडती, थंडीत खाऊ." बीपीची अर्धी, शुगरची अर्धी. दर साली मी यावर घसा कोरडा करते. आणि माझ्या भिंतीपलीकडं तेच चाललं होतं आणि मला पत्ता नाही!

त्या साली रमजान आणि हळद एकत्र आले. गावभर हळद शिजत होती. सगळ्यांचे हात, टाचा, कपडे पिवळे, हवेतसुद्धा तोच वास. आपाला रोजे धरायचे होते. डॉक्टरीणबाईंनी आधी नको म्हटलं. मग म्हणाल्या, धरायचेच असतील तर गोळी इफ्तारच्या जेवणासोबत घ्या, रोज त्याच वेळी, पाणी भरपूर प्या, आणि चक्कर आली की रोजा सोडा. त्यात आपाच्या बोटांना पेटके यायचे, गोळी घशात अडकल्यासारखी व्हायची. तर म्हणाल्या, अख्खी गोळी पेलाभर पाण्यात विरघळवून लगेच प्यायली तरी चालेल. ते काम नसरीननं अंगावर घेतलं. रोज संध्याकाळी मगरिबच्या अजानला पेला तयार. आपा खजूर खायची, जेवायची, पेला प्यायची. पाण्याचा रंग पिवळट. त्यात गोळी अख्खी आहे की अर्धी, हे तिला समजणार कसं?

ईदच्या आदल्या दुपारी आपानं सुनेला बांगड्या भरायला बसवलं. गावानं हात द्यायचं बंद केलं होतं, पण घरचा हात होता. मी खीर शिजवायला तिचं मोठं पातेलं मागायला गेले होते. आपानं नसरीनचा उजवा हात घेतला, डोळे मिटले. दाबत दाबत बोटांच्या टोकांशी आली आणि थांबली.

"साबण लाव."

नसरीननं हात धुतले. आपानं परत धरले. "आजून लाव." परत धुतले, बोटांचं पिवळं तसंच. आपानं तिची बोटं नाकाशी नेली.

"हळद उनात बसलं की उडती," ती म्हणाली. "हे काय हाय, बेटा?"

नसरीननं हात ओढून घ्यायला बघितलं.

"हे माझं हाय. माझ्या गोळीचं." आपाचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "तू गोळी फोडून राहिलीस." मग तिनं दुसऱ्या हातानं नसरीनचं मनगट धरलं, आणि तिचं तोंड असं झालं की मी पातेलं खाली ठेवलं. "आन् या हातात दोघं हायेत."

नसरीन ढसाढसा रडायला लागली. सगळं सांगितलं. तेरा दिवस अर्धीच दिली, नखांनी तोडून, पाट्यावर चुरून. उरलेलं कागदात बांधून ठेवलं होतं, फेकायचीही हिंमत झाली नाही. आणि हो, दिवस गेलेत, दोन महिने झाले, ईद झाल्यावर सांगणार होते. "अम्मी, तुमचे हात पैल्यासारके व्हावे म्हणून केलं वो!"

आपा तिच्यावर रागावली नाही. गोळी अर्धी मिळाली याचं तिला काही वाटलंच नाही बहुतेक. ती त्या पिवळ्या बोटांकडं बघत होती. "सुमनबाई, फोन लाव," म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर आधी मला झापलं, मग नीट सांगितलं. आपाची गोळी आजपासून परत पूर्ण, चुकलेल्याची भरपाई म्हणून जास्त अजिबात नाही, आणि रक्त तपासायला या. नसरीननं तुटलेल्या गोळीला, चुऱ्याला हात लावायचा नाही. ते कडक औषध आहे, पोटातल्या बाळाला बाधू शकतं. हाताला लागलेलं थोडंसंच आहे, घाबरू नका, पण सोनोग्राफी करून घ्या. आपा फोनला कान लावून होती. तिनं त्यातलं एकच वाक्य धरून ठेवलं, 'पोटातल्या बाळाला.'

आपाच्या रक्तातला आकडा थोडा वाढलेला निघाला. "चाळवलाय," ती म्हणाली. मग गोळी परत तिनं स्वतःच्या हातात घेतली. पेला वेगळा, तिचा तीच धुणार, गोळ्यांची डबी पेटीत कुलपात. नसरीनला ती आपल्या सावलीलाही उभं राहू देईना. सोनोग्राफी चांगली आली, दुसरी चांगली आली, तिसरी चांगली आली. वसमतला बाळंतपण झालं, मुलगी झाली. पावणेतीन किलो! मी स्वतः वजन केलं. हातपाय, बोटं, सगळं जिथल्या तिथं.

बाळ महिन्याचं झालं तेव्हा आपाचा रिपोर्ट आला. अन्वरनं मोबाईल माझ्या हातात दिला, मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. डॉक्टरीणबाईंनी खाली लिहिलं होतं की आजार आता तपासणीत सापडत नाही, गोळी आहे तशीच चालू ठेवा. अन्वरनं मला मिठीच मारली असती, थोडक्यात वाचले. नसरीन रडायला लागली. आपाचं तोंड मात्र पांढरं फटक.

"सापडत न्हाई?"

"नाही आपा! कुठंच नाही."

"मंग गेला कुठं?"

आणि तिनं झोळीकडं बघितलं. बाळ झोपलं होतं.

मी हसण्यावारी नेलं. पण पुढचे दिवस ती झोळीशीच बसून असायची. दोन बोटांत ते काडीएवढं मनगट धरून, डोळे मिटून. "लई झोपतंय गं हे," मला म्हणायची. अहो, महिन्याचं लेकरू झोपणार नाही तर काय करणार? मी सांगितलं, हा आजार असा एकाचा दुसऱ्याला लागत नाही, उपाशी माणसाची भूक शेजाऱ्याला लागते का? ती मान हलवायची. मला वाटलं पटलं.

आणि घरात एक बदल झाला. साडेबाराला शांतता राहिली नाही. उलट आपा त्याच वेळी भांडी आपटायची, रेडिओ मोठा लावायची, कोंबड्या अंगणात सोडायची. कधी मोठमोठ्यानं बोलायची, कोणाशी ते दिसायचं नाही. मी म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी बाईच्या जिवावरचं ओझं उतरलं. किती मूर्ख मी!

अन्वरनं नांदेडला खोली घेतली, तिथंच गॅरेजात काम मिळालं, सगळं घरच तिकडं निघालं. जायच्या दिवशी सकाळी मी सामान बांधायला गेले. आपाची पेटी उचलली, किल्ली लावलेलीच होती, झाकण उघडलं. बांगड्यांच्या माळांखाली गोळ्यांच्या पट्ट्या. भरलेल्या. एकही गोळी काढलेली नाही. पट्ट्या आणल्या तेव्हापासूनचे दिवस मी मोजले. बावीस.

मी पट्ट्या हातात घेऊन तशीच तिच्यापुढं गेले. "आपा, हे काय?"

तिनं लपवलं नाही. "बोलावून राहिले त्याला."

"कोणाला?"

"गोळी हाय तवर तो माझ्यात येत न्हाई. घर रिकामं ठेवलं तर येईल. मी हाका मारल्या, भांडी वाजवली. तिथनं उठून हिकडं यावं त्यानं." तिनं माझं मनगट धरलं. "लेकराच्यात बसलाय त्यो, सुमनबाई. माझ्या गोळीच्या वाटेनं गेला. माझा हाय त्यो, मीच नेते त्याला."

नसरीन दारात उभी, बाळ खांद्याशी, तिनं सगळं ऐकलेलं. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला, जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आजी, ऐकताय ना? तो कुठंही गेलेला नाही. आजार एका माणसातून दुसऱ्यात जात नाही, आईतून नाही, आजीतून नाही, गोळीतूनही नाही. तो तुमच्यातच आहे. इतका बारीक झालाय की यंत्राला दिसत नाही, एवढंच. म्हणूनच तर गोळी चालू ठेवा म्हटलं."

आपा फोनजवळ सरकली. "माझ्यातच हाय?"

"तुमच्यातच."

"पक्कं? लेकरात न्हाई?"

"पक्कं. बाळात नाही. पण आता गोळी घेतली नाही तर तो उठेल, आणि मग झोपवायला आपल्याला जड जाईल. आज जेवून एक घ्या. एकच. या आठवड्यात रक्त द्यायला या, तुम्ही आता नांदेडलाच येताय ना?"

काय सांगू! मी सेविका म्हणून किती बायांना किती बऱ्या बातम्या दिल्या असतील, पण कॅन्सर आपल्याच अंगात आहे हे ऐकून एवढं खूश झालेलं माणूस मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. आपाच्या डोळ्यांतून धार लागली. ती हसत होती. "नसरीन, भाकर दे," म्हणाली, "लई भूक लागली." बांधलेली पातेली परत सोडली. ती पोटभर जेवली, तांब्याभर पाणी प्यायली, गोळी अख्खी गिळली. मग आपल्या पांढऱ्या हातांनी, आजवर कधी उचललं नव्हतं असं, बाळाला उचलून छातीशी धरलं. बाळ जागं होऊन किंचाळायला लागलं, तरी तिनं सोडलं नाही.

जीप बोळाच्या तोंडाशी उभी होती. बाया बघायला जमल्या होत्या, त्याच, हात न देणाऱ्या. आपा पुढच्या सीटवर बसली, काच खाली केली. तिला एकीचंही तोंड ओळखू आलं नसणार. जीप हलली तशी तिनं मान बाहेर काढली आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "माझ्यातच हाय! डॉक्टरीणबाईनं सांगितलं, पक्कं माझ्यातच हाय!"

बायांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, काही तरी शुभ असेल. सगळ्यांनी हात हलवले, आणि मीही हलवला.